स्वच्छंदतावादी पियानो संगीताची ध्वनिमुद्रणे

स्वच्छंदतावादी पियानो संगीताची ध्वनिमुद्रणे म्हणजे युरोपातील स्वच्छंदतावादी अथवा रोमँटिक कालखंडात (स्थूलमानाने इ.स. १८२० ते १९१०) केवळ पियानो या एकाच वाद्यासाठी रचलेल्या कृतींची मेणाची नळकांडी, तबकड्या, चुंबकीय फिती, सीडी व डिजिटल संचिका या रूपांतील मुद्रणे होत. फ्रेदेरिक शोपँ, रॉबर्ट शूमान, फ्रान्झ लिस्ट, योहानेस ब्राम्स, एडवर्ड ग्रीग आणि सर्गेई राखमानिनोव हे या परंपरेतील प्रमुख रचनाकार मानले जातात. यांपैकी शोपँ, शूमान आणि लिस्ट यांचे वादन कोणत्याही स्वरूपात मुद्रित झालेले नाही. मात्र त्यांच्या शिष्यांनी व प्रशिष्यांनी केलेली मुद्रणे उपलब्ध असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील वादनपद्धतीचा अभ्यास करण्याचे ते एक महत्त्वाचे साधन ठरले आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली जेथे नियमित होत नाहीत अशा प्रदेशांत, उदाहरणार्थ महाराष्ट्रातील खानदेशात, या संगीताशी श्रोत्याचा परिचय प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांतूनच होतो.

पार्श्वभूमी

पियानो हे वाद्य बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ.स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लोरेन्स येथे तयार केले. पट्टी दाबली असता आतील हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे येते, ही त्याची मूळ यंत्रणा होय. आघात जितका जोरकस तितका स्वर मोठा होत असल्याने वादकाला स्वराची तीव्रता बोटांनी नियंत्रित करता येते. एकोणिसाव्या शतकात या वाद्यात मोठे बदल झाले. सेबास्तियँ एरार याने १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे एकच पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच पुन्हा वाजवणे शक्य झाले. लोखंडी चौकटीमुळे तारांवरील ताण वाढवता आला आणि आवाज मोठ्या सभागृहात पोहोचू लागला. शतकाच्या अखेरीस ८८ पट्ट्यांचा पियानो रूढ झाला.

वाद्याच्या या वाढत्या क्षमतेबरोबर रचनांचे स्वरूपही बदलले. शोपँने २४ प्रील्यूड (ओपस २८), एत्यूदांचे दोन संच, चार बॅलड, तसेच अनेक नॉक्टर्न व माझुर्का रचले. नॉक्टर्न हा रचनाप्रकार त्याच्यापूर्वी आयरिश रचनाकार जॉन फील्ड याने सुरू केला होता. शूमानने ‘कार्नवाल’ आणि ‘किंडरझेनेन’ (बालपणीची दृश्ये) यांसारख्या छोट्या तुकड्यांच्या माला रचल्या. लिस्टचा बी मायनर सोनाटा (१८५३) सुमारे अर्धा तास अखंड चालतो. ब्राम्सने आयुष्याच्या अखेरीस, १८९२–९३ च्या सुमारास, ओपस ११६ ते ११९ या चार संचांत २० छोट्या रचना प्रसिद्ध केल्या.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास

आरंभीचा काळ

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. २ डिसेंबर १८८९ रोजी व्हिएन्ना येथे ब्राम्सच्या वादनाचे मेणाच्या नळकांड्यावर मुद्रण झाले. त्यात त्याने स्वतःच्या पहिल्या ‘हंगेरियन नृत्या’चा काही भाग वाजवला. हे मुद्रण अत्यंत खरखरीत असून पुष्कळ भाग जेमतेम ओळखू येतो, तरीही एका थोर स्वच्छंदतावादी रचनाकाराच्या वादनाचा तो प्रत्यक्ष पुरावा असल्यामुळे त्याचा वारंवार अभ्यास झाला आहे.

तबकड्यांच्या युगात पॅरिस येथे १९०३ मध्ये राऊल प्यून्यो आणि ग्रीग यांची, तर १९०४ मध्ये कामीय सँ-साँस याची मुद्रणे झाली. व्लादिमिर डी पाखमान याने १९०७ पासून, तर इग्नात्सी पाडेरेव्स्की याने १९११ पासून तबकड्या भरल्या. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर वाजवलेल्या आवाजाच्या दाबानेच सुई मेणात खाचा कोरीत असे. या पद्धतीत अतिशय मंद स्वर उमटत नसत, खर्जातील स्वर बोथट होत आणि तीव्र आघाताने आवाज फाटे. त्यामुळे या मुद्रणांतून वादकाची लय आणि स्वरवाक्यांची घडण बरीचशी कळते, परंतु स्वराचा पोत कळत नाही.

पियानो रोल

याच काळात एक वेगळे तंत्रज्ञान लोकप्रिय झाले. जर्मनीतील ‘वेल्टे-मिन्यों’ या १९०४ मध्ये आलेल्या यंत्रणेत वादकाने दाबलेल्या पट्ट्यांची नोंद कागदी गुंडाळीवर छिद्रांच्या स्वरूपात होत असे. ही गुंडाळी खास पियानोवर चढवली की पियानो आपोआप वाजे. १८२४ मध्ये जन्मलेल्या कार्ल रायनेके याच्या वादनाच्या गुंडाळ्या उपलब्ध असून मुद्रित वादकांत तो सर्वांत आधी जन्मलेला पियानोवादक मानला जातो. गुंडाळीतून खरखरीविना आधुनिक वाद्यावर जुने वादन ऐकता येते. मात्र पेडलचा सूक्ष्म वापर आणि आघातातील बारकावे तिच्यात कितपत उतरतात, तसेच गुंडाळी नेमक्या कोणत्या वेगाने फिरवावी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

विद्युत मुद्रण

१९२५ मध्ये मायक्रोफोनवर आधारित विद्युत मुद्रण सुरू झाले. त्या वर्षी मार्च महिन्यात फ्रेंच-स्विस वादक आल्फ्रेद कोर्तो याने अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीसाठी केलेली मुद्रणे या पद्धतीच्या अगदी आरंभीच्या मुद्रणांत मोडतात. यानंतरच्या पंचवीस वर्षांत पियानो संगीताची विपुल मुद्रणे झाली. लिस्टचा सोनाटा कोर्तोने १९२९ मध्ये आणि व्लादिमिर होरोविट्झ याने १९३२ मध्ये मुद्रित केला. राखमानिनोवने १९२९ मध्ये शूमानचा ‘कार्नवाल’ आणि १९३० मध्ये शोपँचा दुसरा सोनाटा तबकड्यांवर भरला. आर्थर रूबिनस्टाइन याने शोपँच्या नॉक्टर्न व माझुर्का आयुष्यात तीन वेळा मुद्रित केल्या. एकाच वादकाची समज तीन दशकांत कशी पालटते, हे त्यांतून ऐकता येते.

७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे चार ते साडेचार मिनिटांचेच वादन मावत असे. नॉक्टर्न किंवा माझुर्का यांना ही मर्यादा सोयीची होती, परंतु सोनाटा अनेक बाजूंवर तोडून भरावा लागे. वादकाला मध्येच थांबून पुढील बाजूसाठी पुन्हा त्याच भावावस्थेत सुरुवात करावी लागे. चुकलेली बाजू दुरुस्त करता येत नसे, ती संपूर्ण पुन्हा वाजवावी लागे. या काळातील अनेक प्रसिद्ध मुद्रणांत चुकीचे स्वर आढळतात, त्यामागे हे एक कारण आहे.

दीर्घवादन तबकडी व चुंबकीय फीत

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी म्हणजे एलपी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. त्याच सुमारास चुंबकीय फितीचा वापर सुरू झाल्याने मुद्रणाचे निरनिराळे तुकडे कापून जोडणे शक्य झाले. निर्दोष वादनाची अपेक्षा यातून वाढीस लागली. मौरित्सिओ पोलिनी याने १९७२ मध्ये केलेले शोपँच्या एत्यूदांचे मुद्रण काटेकोर स्वच्छ वादनाचा मानदंड म्हणून ओळखले जाते.

मैफलीत झालेली मुद्रणेही या काळात महत्त्वाची ठरली. रुमानियन वादक दिनू लिपाट्टी याने १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधील बझांसाँ येथे गंभीर आजारी असताना अखेरची मैफल केली. शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवण्याचा त्याचा संकल्प होता. तेरा झाल्यावर शक्ती संपल्यामुळे शेवटचा वॉल्ट्झ तो वाजवू शकला नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला वयाच्या ३३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. स्व्यातोस्लाव रिख्तर याने फेब्रुवारी १९५८ मध्ये सोफिया येथे वाजवलेल्या मुसोर्गस्कीच्या ‘चित्रप्रदर्शनातील चित्रे’ या मालेच्या मुद्रणात श्रोत्यांच्या खोकल्याचे आवाज सतत ऐकू येतात, तरीही ते या रचनेच्या श्रेष्ठ मुद्रणांत गणले जाते.

डिजिटल काळ

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि खरखर जवळजवळ नाहीशी झाली. जुन्या तबकड्याही स्वच्छ करून सीडीवर पुनःप्रकाशित झाल्या. एकविसाव्या शतकात आंतरजालावरील सेवांमुळे एकाच रचनेची अनेक मुद्रणे काही क्षणांत ऐकणे शक्य झाले. वॉर्सा येथे १९२७ पासून होणाऱ्या आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धेच्या फेऱ्या आता आंतरजालावरून थेट पाहता येतात.

वादनशैलीतील बदल

जुनी व नवी मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली असता वादनशैलीतील पुढील फरक ठळकपणे जाणवतात.

दोन हातांचे विलगीकरण: विसाव्या शतकाच्या आरंभीचे वादक अनेकदा डाव्या हाताचा खालचा स्वर आधी आणि उजव्या हाताचा गायनस्वर किंचित उशिरा वाजवीत. पाडेरेव्स्की आणि पाखमान यांच्या तबकड्यांत हे सर्रास आढळते. शतकाच्या उत्तरार्धात ही लकब ढिसाळपणाची खूण मानली जाऊ लागली व जवळजवळ लोप पावली.

लयीची लवचिकता: ‘रूबाटो’ म्हणजे सुरावटीतील काही स्वरांना अधिक वेळ देणे आणि तो वेळ अन्यत्र भरून काढणे. शोपँच्या शिष्यांच्या आठवणींनुसार डाव्या हाताने वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे लय सांभाळावी आणि उजव्या हाताने मोकळेपणाने गावे, असा त्याचा आग्रह होता. पुढील काळात दोन्ही हातांनी मिळून लय मागेपुढे करण्याची पद्धत रूढ झाली.

कॉर्ड पसरवून वाजवणे: एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह म्हणजे कॉर्ड. तो खालून वर झरझर पसरवून वाजवण्याची सवय जुन्या वादकांत होती, ती स्वरलिपीत लिहिलेली नसली तरीही.

पूर्वालाप: मैफलीत रचना सुरू करण्यापूर्वी त्या स्वरपट्टीतील दोन-चार कॉर्ड उत्स्फूर्तपणे वाजवून वातावरण तयार करण्याची प्रथा होती. विल्हेल्म बाकहाउसच्या काही मैफलींच्या मुद्रणांत तिचे अवशेष ऐकू येतात.

हे बदल म्हणजे प्रगती की ऱ्हास, हा वादाचा विषय आहे. एका मतानुसार आधुनिक वादक रचनाकाराच्या लिखित संहितेशी अधिक प्रामाणिक असतात. दुसऱ्या मतानुसार संहिता ही केवळ आराखडा असून तिचा उच्चार कसा करावा हे रचनाकाराच्या समकालीनांना परंपरेने ठाऊक होते; म्हणून आज ‘चूक’ वाटणारी गोष्ट त्या काळची रूढ भाषा असू शकते. ब्रिटनमध्ये २००४ ते २००९ या काळात कार्यरत असलेल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या संशोधन केंद्राने शोपँच्या माझुर्कांच्या अनेक मुद्रणांतील प्रत्येक मात्रेचा कालावधी संगणकाने मोजून या प्रश्नाचा अभ्यास केला.

तुलनात्मक श्रवणाची उदाहरणे

नॉक्टर्न, ओपस ९, क्रमांक २ (शोपँ): अवघ्या ३४ मापांची ही रचना आहे. तीच सुरावट दर आवर्तनात नव्या अलंकारांसह येते. शोपँने स्वतः शिष्यांच्या प्रतींवर आणखी निराळे अलंकार लिहून दिले होते. शोपँचा शिष्य कारोल मिकुली याच्याकडे शिकलेल्या राऊल कोचाल्स्की याने १९३८ मध्ये ही रचना त्या पाठभेदांसह मुद्रित केली. छापील प्रतीप्रमाणे वाजवलेल्या कोणत्याही मुद्रणाशी तिची तुलना केली असता, रचनाकाराच्या दृष्टीने संहिता किती लवचिक होती याची कल्पना येते.

‘ट्रॉइमेराय’ (शूमान): ‘किंडरझेनेन’ मालेतील तेरा तुकड्यांपैकी हा सातवा. आरंभीच्या आवृत्तीत मिनिटाला १०० मात्रांचा वेग दिला आहे, परंतु बहुतेक वादक तो त्याहून पुष्कळ संथ वाजवतात. क्लारा शूमानची शिष्या फॅनी डेव्हिस हिचे १९२९ मधील मुद्रण आणि होरोविट्झने एप्रिल १९८६ मध्ये मॉस्को येथील मैफलीत केलेले वादन यांतून या एका पानाच्या रचनेची दोन भिन्न रूपे दिसतात. होरोविट्झच्या मैफलीच्या चित्रफितीत ही रचना ऐकताना अश्रू ढाळणारे श्रोते दिसतात.

शोकयात्रा, सोनाटा क्रमांक २ (शोपँ): संहितेनुसार मधल्या शांत भागानंतर शोकयात्रेची चाल पुन्हा हळू आवाजात सुरू होते. राखमानिनोव मात्र ती गडगडाटी आवाजात सुरू करून हळूहळू विरत नेतो. यात्रा दूर निघून जात असल्याचा भास त्यातून होतो. संहितेची ही उघड फारकत असूनही १९३० चे हे मुद्रण विसाव्या शतकातील थोर मुद्रणांत गणले जाते.

माझुर्का: पोलंडमधील हे लोकनृत्य तीन मात्रांचे आहे, परंतु दुसरी किंवा तिसरी मात्रा लांबवण्याची त्यात रीत आहे. शोपँ स्वतः ती इतकी लांबवत असे की रचनाकार मायरबेअर याने ती दोन मात्रांची असल्याचा दावा केला व त्यावरून दोघांत वाद झाल्याची आठवण शोपँच्या एका शिष्याने नोंदवली आहे.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याच्या दृष्टीने

हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या श्रोत्याला पियानो ऐकताना काही मूलभूत फरक जाणवतात. पियानोचे स्वर समान अंतरावर बांधलेले असल्याने त्यावर मींड, आंदोलन अथवा श्रुतिभेद दाखवता येत नाहीत. पेटीवरही हाच आक्षेप घेतला जात असे व त्याच कारणाने १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. शिवाय पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो, तर पियानोचा स्वर आघातानंतर लगेच क्षीण होऊ लागतो. असे असूनही सलग गायनाचा आभास निर्माण करणे हे स्वच्छंदतावादी पियानोवादनातील मुख्य कौशल्य मानले जाते. एका स्वराच्या मावळत्या आवाजाशी पुढील स्वराचा आघात जुळवून आणि पेडलने तारा मोकळ्या ठेवून ते साधले जाते. शोपँवर इटालियन ऑपेरातील गायकीचा प्रभाव होता आणि आपल्या शिष्यांना तो गायक ऐकण्याचा सल्ला देई.

साम्यस्थळेही आहेत. ख्यालगायक तालाच्या चौकटीत राहून बोल मागेपुढे टाकतो व समेवर येतो. डावा हात स्थिर ठेवून उजव्या हाताने मोकळे गाण्याची शोपँची कल्पना त्याच्या जवळची आहे. तबकडीच्या वेळमर्यादेचा अनुभवही दोन्ही परंपरांना आला. १९०२ मध्ये कोलकाता येथे फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचे मुद्रण केल्यापासून भारतीय गायकांना राग तीन-चार मिनिटांत मांडावा लागला. अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांच्या तबकड्या या मर्यादेतच लोकप्रिय झाल्या.

महाराष्ट्र आणि खानदेश

महाराष्ट्रात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे मुख्य केंद्र मुंबई राहिले आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र, संचालक झुबीन मेहता यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईतच झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) पियानोवादनाच्या मैफली होतात. २००६ मध्ये तेथेच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तबकड्या व सीडींसाठी काळा घोडा परिसरातील ‘रिदम हाऊस’ हे दुकान प्रसिद्ध होते. ते २०१६ मध्ये बंद झाले.

मराठी नाट्य-चित्रपटसृष्टीत संगीतकार केशवराव भोळे यांनी पियानो व व्हायोलिन यांसारख्या वाद्यांचा वापर केला. मुंबईत जन्मलेले व्ही. बलसारा पियानोवर भारतीय सुरावटी वाजवण्यासाठी ओळखले जात. ‘अंदाज’ (१९४९) सारख्या हिंदी चित्रपटांतील पियानोगीतांमुळे या वाद्याची प्रतिमा सर्वदूर पोहोचली, परंतु ती गीताच्या साथीची होती, एकल वादनाची नव्हे.

१९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागलेल्या खानदेशाची, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांची, संगीतपरंपरा प्रामुख्याने लोकगीते, कीर्तन, नाट्यसंगीत आणि हिंदुस्थानी संगीताची आहे. बालगंधर्वांनी बालपणी संगीताचे आरंभीचे धडे जळगाव येथे मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. त्यांच्या नावाने जळगावात संगीत महोत्सवही भरतो. या परंपरेत पियानोला स्थान मिळाले नाही, याची काही कारणे व्यावहारिक आहेत. मैफली पियानोचे वजन सुमारे पाचशे किलोग्रॅम असते, तो वारंवार जुळवावा लागतो व त्यासाठी तज्ज्ञ कारागीर लागतो. हवेतील आर्द्रता बदलली की त्याचा लाकडी ध्वनिफलक फुगतो अथवा आकसतो आणि स्वर उतरतात वा चढतात. जळगाव-भुसावळ परिसरातील ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणारा कोरडा उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा या वाद्याला प्रतिकूल आहे.

जळगाव मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ४२० कि.मी. अंतरावर आहे. एका मैफलीसाठी हा प्रवास व मुक्काम सामान्य विद्यार्थ्याला परवडणारा नाही. त्यामुळे येथील श्रोत्यासाठी ध्वनिमुद्रण हे मैफलीची आठवण किंवा तिचा पर्याय नसून मूळ अनुभवच ठरते. याचे दोन परिणाम संभवतात. मैफलीतील आवाजाचा आवाका प्रत्यक्ष ऐकलेला नसल्यामुळे मोबाइलच्या छोट्या ध्वनिक्षेपकावर किंवा दाबलेल्या संचिकेत हरवणारे खर्जातील स्वर व अतिमंद वादन श्रोत्याच्या लक्षात येत नाही. साध्या तारेच्या इयरफोननेही हा तोटा बराच कमी होतो. दुसऱ्या बाजूने, एखादे मुद्रण पुनःपुन्हा ऐकण्याची आणि एकाच रचनेच्या अनेक वादनांची तुलना करण्याची जी संधी पूर्वी मोठ्या शहरांतील संग्राहकांनाच होती, ती आता धुळे किंवा जळगाव येथील विद्यार्थ्यालाही उपलब्ध आहे.

विश्वासार्हतेचे प्रश्न

मुद्रण हा वादनाचा निखळ पुरावा नसतो. ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या जाणाऱ्या अनेक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात वेगळ्या गतीने भरलेल्या असत. चुकीच्या गतीने वाजवल्यास लय आणि स्वरपट्टी दोन्ही बदलतात. मराठी नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्यांबाबतही संग्राहकांना हीच काळजी घ्यावी लागते. ‘मैफलीतील मुद्रण’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकाही संस्कारित असू शकतात. होरोविट्झ १२ वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसला, त्या मैफलीच्या मूळ एलपीत काही चुका दुरुस्त केलेल्या होत्या. असंपादित मुद्रण २००३ मध्ये प्रकाशित झाले.

सर्वांत गाजलेले प्रकरण ब्रिटिश वादक जॉयस हॅटो हिचे आहे. तिच्या नावाने शंभराहून अधिक सीडी प्रसिद्ध झाल्या आणि समीक्षकांनी त्यांची मोठी प्रशंसा केली. तिच्या निधनानंतर, फेब्रुवारी २००७ मध्ये, तिच्या नावावरील लिस्टच्या एत्यूदांची सीडी संगणकात घातली असता माहितीकोशाने वादक म्हणून लास्लो सिमोन याचे नाव दाखवले. तपासणीअंती अनेक सीडी अन्य वादकांच्या मुद्रणांच्या नकला असल्याचे उघड झाले. काही ठिकाणी ओळख पटू नये म्हणून वेग किंचित बदलला होता. वादकाचे नाव व जीवनकथा यांचा श्रवणावर किती प्रभाव पडतो, या चर्चेत हे उदाहरण नेहमी दिले जाते.

स्वामित्वहक्क व उपलब्धता

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात प्रकाशित झालेली कोर्तो, राखमानिनोव, पाडेरेव्स्की आदींची मुद्रणे भारतात हक्कमुक्त आहेत. नव्याने केलेल्या मुद्रणांवर मात्र रचना जुनी असली तरी स्वतंत्र हक्क असतो. शोपँ, शूमान, लिस्ट व ब्राम्स यांच्या रचनांच्या जुन्या छापील स्वरलिपीही हक्कमुक्त असून आंतरजालावर विनामूल्य मिळतात. स्वरलिपी समोर ठेवून जुनी मुद्रणे ऐकल्यास वादकाने संहितेत केलेले बदल स्पष्टपणे टिपता येतात.

हे सुद्धा पहा

पियानो
फ्रेदेरिक शोपँ
फ्रान्झ लिस्ट
रॉबर्ट शूमान
ग्रामोफोन
हार्मोनियम
बालगंधर्व
झुबीन मेहता
खानदेश